मातीचा दुष्काळ

संयुक्त राष्ट्रसंघाने 17 जून हा दिवस वाळवंटीकरण आणि दुष्काळ यांविरुद्ध जगभर जागृती करण्यासाठी नेमून दिला आहे. 1994 साली याच तारखेला पॅरिसमध्ये वाळवंटीकरणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता मिळाली. भारताने 1996च्या डिसेंबरात त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि 2019 साली या कराराची चौदावी जागतिक परिषदही आपल्याकडे, ग्रेटर नोएडात, भरली. सोलापूर जिल्ह्यात मात्र 17 जूनला मृग चालू असतो. पाऊस झाला असेल तर माणसं रानात असतात, नसेल तर पारावर आभाळाकडे बघत बसलेली. वाळवंटीकरण हा विषय दोन्हीकडे निघत नाही. एखाद्या कचेरीच्या आवारात रोप लावलं जातं, फोटो निघतो, आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप येतं.

सोलापूरकरांना दुष्काळ कळत नाही, असा याचा अर्थ कुणी काढू नये. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही निम्म्याहून कमी भरवशाचा. टँकर, चारा छावणी, पैसेवारी, आवर्तन हे शब्द इथलं शाळकरी पोरही अचूक वापरतं. अडचण नेमकी इथंच आहे. दुष्काळ इतका ओळखीचा झालाय, की त्याच्या आडून चाललेलं दुसरं दुखणं नजरेत भरत नाही. दुष्काळ येतो आणि जातो. जमीन खंगते ती मात्र चांगल्या पावसाच्या सालातही खंगत राहते. काही रानांत तर चांगल्या पावसातच जास्त.

वाळवंटीकरण म्हटलं की डोळ्यांपुढे थरच्या टेकड्या आणि उंट येतात. करारातली व्याख्या वेगळी आहे. कोरड्या आणि निमकोरड्या प्रदेशांत हवामानातल्या चढउतारांमुळे आणि माणसाच्या हातून जमिनीचा कस ढासळत जाणं, याला तिथं वाळवंटीकरण म्हटलंय. वाळूचा कण नसलेली काळीभोर जमीनही त्यात मोडते. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने उपग्रहचित्रांवरून देशाचा नकाशासंग्रह तयार केला. त्यानुसार 2018-19 साली भारतातली 9 कोटी 78 लाख हेक्टर जमीन, म्हणजे जवळजवळ 30 टक्के, ढासळलेली होती. राज्यांच्या यादीत पहिलं राजस्थान, हे अपेक्षितच. दुसरं महाराष्ट्र, सुमारे 1 कोटी 43 लाख हेक्टरांसह. राज्याच्या एकूण भूभागाच्या ते निम्म्याला टेकतं. आपल्याकडे वाळू सरकत येत नाही; पावसाच्या पाण्याने माती वाहून जाते आणि गवत-झुडपांचं आवरण विरळ होत जातं, ही इथली मुख्य कारणं.

जगाचं लक्ष या प्रश्नाकडे वेधलं ते साहेलमुळे. सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावरच्या या पट्ट्यात 1968 ते 1973 या काळात पाऊस सतत हुलकावणी देत राहिला. गुरं मेली, माणसं मेली, गावं ओस पडली. त्यातून 1977 साली नैरोबीत वाळवंटीकरणावरची पहिली मोठी जागतिक परिषद भरली. आता याच काळात सोलापुरात काय चाललं होतं ते पाहा. 1970 पासून लागोपाठ तीन सालं खोटी गेली आणि 1972ने कहर केला. ज्यांनी तो पाहिला ती माणसं अजून लाल मिलोच्या भाकरीची चव सांगतात, सुकडीच्या रांगा सांगतात, आणि खडी फोडायला गेलेल्या बायांच्या डोक्यावरचं ऊनही सांगतात. 1973च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती.

ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी या दोन दुष्काळांची तुलना केली आहे. माणशी धान्य साहेलपेक्षा महाराष्ट्रात कमी उपलब्ध होतं, तरी भूकबळींची लाट तिकडे आली, इकडे आली नाही. कामाला मजुरी मिळाली, मजुरीतून धान्य विकत घेता आलं, आणि वर्तमानपत्रं, आमदार, मोर्चे यांनी सरकारला झोपू दिलं नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी 1977 साली कायदा झाली, नैरोबीच्या परिषदेच्याच वर्षी. याचा अभिमान वाटायलाच हवा. पण त्या यशाने आपल्याला एक सवयही लावली. दुष्काळ म्हणजे माणसं आणि गुरं तगवण्याचा प्रश्न, तो पाऊस पडेपर्यंतचा. पाऊस पडला, छावण्या उठल्या, टँकर बंद झाले, की फाईल मिटली. पायाखालच्या जमिनीचं काय झालं, हे विचारायला कुणी उरत नाही.

वास्तविक विचारणारी माणसं सोलापुरात होऊन गेली आहेत, आणि फार आधी. पाणी साठवण्याची परंपरा तर बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांपर्यंत जाते. त्यांनी लोकांच्या श्रमातून खोदवलेलं तळं आजही शहराच्या मध्यात आहे. इंग्रजी अमलात हिप्परग्याचा एकरुख तलाव 1871 साली झाला, आणि आष्टीचा तलाव 1876च्या भीषण दुष्काळाच्या काळात हाती घेतला गेला. पंधराव्या शतकात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बिदरच्या सुलतानाची कोठारं उघडून लोकांना धान्य वाटलं, ही कथा घरोघर आहे. कोठारं आणि तळी, म्हणजे धान्य साठवा आणि पाणी साठवा. मातीकडे शास्त्राच्या नजरेने पाहणं सुरू झालं ते 1933 साली, सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र निघालं तेव्हा. देशात अशी पाच केंद्रं निघाली होती: सोलापूर, विजापूर, रायचूर, हगरी आणि रोहतक. सोलापूरच्या केंद्रामागे ना. वि. कानिटकर हे कृषिशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उतारावर वाफे आखून, खाली हौद बांधून, पडलेल्या पावसातलं किती पाणी वाहून जातं आणि ते सोबत किती माती नेतं, याची मोजणी केली. देशातल्या अशा अगदी पहिल्या मोजण्यांपैकी ही एक. आपल्या जिल्ह्याच्या या वारशाबद्दल शाळेत एक ओळही शिकवली जात नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

मातीच का वाहून जाते हे समजून घ्यायला सोलापूरचं पीकवेळापत्रक डोळ्यांपुढे आणावं लागतं. हा रब्बीचा जिल्हा. भारी काळ्या जमिनीत परंपरेने खरीप घेत नाहीत. उन्हाळ्यात नांगरट, मग पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या घालत रान मोकळं ठेवायचं, पडेल तो पाऊस जमिनीत मुरवायचा, आणि 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या दरम्यान वापसा बघून ज्वारी पेरायची. पुढे चार महिने पीक वाढतं ते जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर. योजना मोठी हुशारीची आहे, पण तिच्यात एक वर्मही आहे. सोलापूरचा सर्वांत जोरदार पाऊस सप्टेंबरात, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत, येतो. त्या वेळी रान उघडं असतं. ना पीक, ना गवत. तासाभरात पन्नास-साठ मिलिमीटर कोसळला की वरची भुसभुशीत माती चिकट होऊन छिद्रं बुजतात, पाणी मुरायचं थांबतं आणि उताराला लागतं. ओढ्याला येणारं ते चहाच्या रंगाचं पाणी म्हणजे शेताचा सर्वांत कसदार थर असतो. एक इंच माती तयार व्हायला काहीशे वर्षं लागतात. ती जाते मात्र काही पावसाळ्यांत. दुष्काळाची सारी चर्चा न पडलेल्या पावसाची असते. जमीन मात्र पडलेल्या पावसाने मरते.

काळीचा थर असा पातळ होत गेला की खालचा मुरूम नाहीतर चुनखडी वर डोकावू लागते. तीन फूट खोलीची जमीन दीड फुटांवर आली, तर तिची ओल धरून ठेवण्याची ताकदही निम्म्यावर येते. मग पूर्वी ज्या पावसावर ज्वारी पिकायची, त्याच पावसावर ती निसवताना करपते. शेतकरी म्हणतो, पाऊसमान बदललं. पाऊसमान बदललंच आहे, पण निम्मा बदल पायाखाली झालेला असतो.

कानिटकरांच्या काळात यावर उपाय शोधले गेले, त्यांतले काही फसलेही. 1942 साली मुंबई प्रांतात जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि सोलापूर-विजापूर भागांत समपातळीतले बांध मोठ्या प्रमाणावर घातले गेले. मुरमाड, मध्यम जमिनीत ते टिकले. खोल काळ्या जमिनीत मात्र बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून पेरणी खोळंबायची, आणि उन्हाळ्यात बांधच उलून भेगा पडायच्या, मग पहिल्या मोठ्या पावसात फुटायचा. शिवाय समपातळीची रेषा सातबाऱ्याची हद्द ओळखत नाही. एकाचा बांध दुसऱ्याच्या रानातून जाणार, त्याने तो नांगरून टाकायचा, आणि भाऊबंदकीला आणखी एक विषय. त्यातून पुढे सोलापूरच्या केंद्राने साधी गोष्ट सुचवली: जून-जुलैतच सारा यंत्राने रानात छोटे चौकोनी कप्पे पाडायचे. पावसाचा थेंब पडेल त्या कप्प्यात अडतो, मुरतो. पेरणीआधी कुळवाची पाळी दिली की कप्पे मोडतात. खर्च कमी, शेजाऱ्याशी भांडण नाही.

दुसरी गोष्ट कोळपणीची, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. नोव्हेंबराच्या अखेरीस मंगळवेढ्याच्या काळीत उभं राहा. ज्वारी कमरेला आलेली असते आणि दोन ओळींमधली जमीन उलायला लागलेली. डिसेंबर-जानेवारीत याच भेगांत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. आत बोटांना गारवा लागतो. ती जमिनीत उरलेली ओल, जी भेगेतून दिवसरात्र उडून चाललेली असते. म्हणून शिफारस अशी की पीक तीन आठवड्यांचं झालं की फटीच्या कोळप्याने पहिली कोळपणी, पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्याने दुसरी, आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने तिसरी. पहिलीने तण जातं, दुसरीने वर भुसभुशीत मातीचा थर बसतो, तिसरीने भेगा बुजतात. भेगा बुजवणं हे पाणी देण्याइतकंच मोलाचं काम आहे. पण कोळप्याला बैल लागतात किंवा माणूस लागतो. बैलजोडी दारातून गेली, मजुरी परवडेना, आणि तिसरी कोळपणी बऱ्याच रानांत होईनाशी झाली. शेणखताचंही तेच. गोठा रिकामा म्हणजे उकिरडा रिकामा, आणि उकिरडा रिकामा म्हणजे जमिनीतला सेंद्रिय कर्ब घटणार. मोहोळच्या संशोधन केंद्रात 1930च्या दशकात स्थानिक वाणातून निवडलेली मालदांडी 35-1 आजही पेरली जाते, मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. बियाणं टिकलं. ज्या खोलीच्या जमिनीसाठी ते निवडलं होतं, ती तशी राहिली का, हा प्रश्न आहे.

आता जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ, जिथं पाणी आहे. भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. सुमारे 117 टीएमसी क्षमतेच्या या धरणाचा मृतसाठाच 63 टीएमसीच्या वर आहे, उपयुक्त साठा 53च्या आसपास. म्हणजे धरण उणे टक्क्यांत गेलं तरी त्यात मोठा जलाशय दिसत असतो, आणि ते पाणी उपसायचा मोह सुटत नाही. 2024च्या उन्हाळ्यात साठा उणे साठ टक्क्यांच्या घरात गेला होता. अशा वर्षी पळसदेवचं बुडालेलं मंदिर उघडं पडतं आणि त्याचे फोटो सगळीकडे छापून येतात. मंदिराभोवती पसरलेला गाळ कुणाच्या शेतातून आला, हे फोटोखालच्या ओळीत नसतं. वरच्या अंगाच्या शिवारांतून गेलेलीच ती माती. ती परत रानात नेऊन टाकायची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना 2017 साली आली, आणि सरकारी योजनांच्या नावांत हे नाव तरी नेमकं आहे.

उजनीच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या या जिल्ह्यात आज तीसहून अधिक साखर कारखाने आहेत, आणि उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाणी लागतं. राज्याच्या एकूण पिकाखालच्या क्षेत्रात उसाचा वाटा अगदी थोडा, पण सिंचनाच्या पाण्यातला वाटा 70 टक्क्यांच्या आसपास, असं केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानेच नोंदवलं आहे. या असमतोलावर बरंच लिहिलं गेलंय. शेतकऱ्याला दोष देऊन मोकळं होण्यात अर्थ नाही. हमखास उचल आणि हमखास दर असलेलं दुसरं पीक त्याला कुणी दिलेलं नाही. मी इथं बोलतोय ते उसाखालच्या जमिनीबद्दल.

काळ्या जमिनीचा निचरा मुळातच मंद. तिला पाटाने मोकाट पाणी देत राहिलं की खालची पाणीपातळी वर येते, सोबत क्षार आणते. पाणी उडून जातं, क्षार वर राहतात. पहिल्यांदा उसाच्या फडात एखादा टापू पिवळा पडतो, मग तिथं उगवणच होत नाही, उन्हाळ्यात पांढरी बुरशी आल्यासारखा थर दिसतो. पुढे सोडियम वाढून जमीन चोपण होते: ओली असताना लोण्यासारखी, वाळली की दगडासारखी. हा इतिहास आपल्याला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. नीरेचा डावा कालवा 1885 साली सुरू झाला आणि काही दशकांतच त्याच्यावरच्या बागायती जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या. क्लॉड इंग्लिस या अभियंत्याने त्यावर वर्षानुवर्षं काम केलं, निचऱ्याचे चर काढले. तरी माळशिरस, पंढरपूर, माढ्याच्या बागायतीत तोच धडा पुन्हा गिरवला जातोय. अरल समुद्राला मिळणाऱ्या नद्या सोव्हिएत राजवटीने कापसासाठी वळवल्या, समुद्र आटला आणि भोवतालची जमीन मिठाने पांढरी झाली, ही गोष्ट आपण परदेशातली नवलकथा म्हणून वाचतो. पाण्याने होणारं वाळवंट पाहायला तितकं लांब जावं लागत नाही. ठिबक, पाचट न जाळता कुजवणं, निचऱ्याचे चर, मध्ये एखादं हरभऱ्याचं किंवा तागाचं बेवड, हे उपाय सर्वांना माहीत आहेत. चर मात्र एकट्याने काढून भागत नाही. खालच्याने वाट दिली नाही तर वरच्याचं पाणी जाणार कुठं?

तिसरा प्रकार आहे तो जागृतीच्या नावाखाली होणाऱ्या नुकसानाचा. सोलापूरजवळचं नान्नज माळढोक अभयारण्य 1979 साली जाहीर झालं. इथल्या माळावर माळढोक आहे, हे बी. एस. कुलकर्णी या शाळाशिक्षकांनी जगापुढे आणलं. तो माळ म्हणजे उजाड जमीन, असं कागदोपत्री समजलं जायचं. प्रत्यक्षात पवन्या, मारवेल, कुसळी अशा गवतांचं ते भरलेलं रान. काळवीट, लांडगे, धाविक, चंडोल यांचं घर. गवताची मुळं माती अशी धरून ठेवतात की जोराच्या पावसातही तिथून गढूळ पाणी फारसं निघत नाही. पण दुष्काळाशी लढायचं म्हणजे झाडं लावायची, हे समीकरण इतकं पक्कं बसलंय की माळांवर खड्डे खणून गिरिपुष्प लावलं गेलं. उघड्या माळावर लांबवर नजर टाकूनच जगणारा पक्षी झाडोऱ्यात राहत नाही. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी त्याची बातमी होते. केवळ झाडं लावल्यामुळे नव्हे, तर शेती, कुंपणं, तारा आणि बाकी पुष्कळ गोष्टींमुळे हे झालं, हेही खरं. पण गवताळ माळाला पडीक म्हणण्याची सवय त्या सगळ्याच्या मुळाशी आहे. 2026 हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने कुरणं आणि पशुपालक यांच्यासाठी राखलं आहे. सांगोला-माणदेशाच्या धनगरांना ते कुणी कळवलं का, ठाऊक नाही. त्यांची मेंढरं रात्रभर रानात बसवून घेण्यासाठी शेतकरी आजही धान्य किंवा पैसे मोजतो, कारण एका रात्रीच्या लेंडीमुताची किंमत त्याला कळते.

पडलेलं पाणी जागच्या जागी अडवण्याचा रस्ता पुढे साहेलनेही धरला. बुर्किना फासोच्या याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने कडक झालेल्या जमिनीत कोरड्या दिवसांतच छोटे खड्डे घेतले, त्यांत शेणखत टाकलं, आणि पहिल्या पावसाचं पाणी तिथंच अडवलं. शेजारी त्याला वेडा म्हणत. 2018 साली त्याला 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार मिळाला. सोलापूरचे कप्पे आणि त्याचे खड्डे यांत तत्त्वाचा काही फरक नाही.

राज्यात दुष्काळ जाहीर झाला की सवलतींची ठरलेली यादी निघते: जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात 33.5 टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफ, रोजगार हमीचे निकष शिथिल, टँकर. पैसेवारी 50 पैशांच्या आत आली की नाही यावर पूर्वी सगळं ठरायचं. 2016च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पाऊस, पेरणीचं क्षेत्र, पिकांचा हिरवेपणा, जमिनीतली ओल, धरणांचा साठा असे निर्देशक आणले. पद्धत सुधारली. तरी जमिनीची खोली किती उरली, तिच्यातला कर्ब किती घसरला, तिची क्षारता किती चढली, हे त्यात कुठंच मोजलं जात नाही. ज्या गावाची काळी वीस वर्षांत वीतभर गेली, त्या गावात त्या वर्षी पाऊस बरा झाला असेल तर सरकारच्या लेखी काहीच घडलेलं नसतं.

मोजमाप अगदीच नाही असंही नाही. 2015 पासून मृद आरोग्य पत्रिका निघतात, आणि त्यांत सेंद्रिय कर्ब आणि क्षारता या दोन्हींचे आकडे असतात. बहुतेक घरांत ती पत्रिका खताच्या पावत्यांबरोबर पिशवीत पडलेली असते, कारण ती एकेकट्या शेतकऱ्याला, खताचा डोस सांगण्यापुरती दिली जाते. गावातल्या सगळ्या पत्रिका एकत्र करून, मागच्या फेरीच्या आकड्यांशेजारी मांडून, कुठल्या शिवाराचा कर्ब घसरला आणि कुठल्या पाटाखाली मीठ चढलं हे ग्रामसभेत वाचून दाखवायला निधी लागत नाही. कृषी सहायकाचा एक दिवस लागतो, आणि एक मोठा फळा.